पान एकशे बेचाळीस

पुस्तकांची गाडी दर तिसऱ्या मंगळवारी येते,
मातोझिन्योशच्या लिलावघरामागे उभी राहते, मासळीच्या वासात.
आबिलिउकाका शिक्का मारतात आणि बजावतात,
"हात धुऊन वाच, देउलिंदा."
आमच्या गल्लीत हात धुतल्यानं काही जात नाही, काका.
सार्डिनचे खवले नखांखाली मुक्कामाला असतात,
पोरी नांदायला जाताना ते सोबत नेतात.

पुस्तकात तीन बहिणी. नदी ओलांडायचा तराफा. बाप पुरात गेलेला.
थोरली बेन्विंदा दोर ओढते,
धाकटी उम्बेलिना नाणी मोजते,
आणि मधली, इल्दा,
इल्दा नुसती चिडते.
मला ती पहिल्या पानापासून आवडली.

लेखक लिहितो: "त्या हिवाळ्यात सूप पातळ होत गेलं."
एवढंच. पुढचं वाक्य लगेच चंद्रावर.
अहो, सूप आपोआप पातळ होत नाही!
कुणीतरी पाणी ओततं, आपल्याकडे पाठ करून,
आणि ढवळताना पळी जरा जास्तच वाजवतं,
म्हणजे आत काहीतरी आहे असं वाटावं.
मग तेच कुणीतरी म्हणतं, "मी कारखान्यात खाल्लंय."
कारखान्यात काय खातात ते मला माहीत आहे.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: खोटं नाही, पण अर्धं.
मग खोडलं. आबिलिउकाका पानं तपासतात.

पान एकशे बेचाळीस. इल्दा शहरात कामाला जाते,
कुणा डॉक्टरच्या घरी.
पत्र्याची पेटी, थोरलीचा कोट,
तराफा काठ सोडतो.
आणि संपलं.
मी दोनदा शोधलं, ओळीखाली बोट धरून.
एकशे साठवर तिची मनीऑर्डर येते.
दोनशे तीनवर, लग्नात, तिची खुर्ची रिकामी,
तीही अर्ध्या वाक्यात कुणीतरी उचलून नेतं.
शेवटी सगळे सुखात. तराफ्याला नवा रंग.
सगळे म्हणजे किती? मी मोजले.

आमची ग्रासिएत लिस्बनला आहे, दोन वर्षं झाली.
महिन्याला एक पाकीट. पैसे, आणि चार ओळी,
त्यातल्या तीन हवामानाच्या.
चौथीत "माझं उत्तम चाललंय."
तिचं अक्षर पूर्वी इतकं सरळ नव्हतं.

आईला वाचता येत नाही.
रात्री ती एप्रनला ठिगळ लावते नि म्हणते, पुढचं सांग.
तिचे प्रश्न भलतेच असतात.
त्या घरात भांडी कोण घासायचं?
दोर ओढून सोललेल्या हातांना काय लावायची ती?
ऑलिव्हचं तेल, मी ठोकून देते.
"तेल? मग एवढी काही गरिबी नव्हती."

काल तिनं विचारलं, "आणि ती मधली?"

मी पान उलटल्याचा आवाज केला
आणि वाचलं:
इल्दाला खोली मिळाली, लहानशी, पण खिडकीवाली.
रविवारी सुट्टी. ट्रामनं समुद्रापर्यंत जाते.
स्वयंपाकीणबाईशी कडाक्याचं भांडली, मग गट्टी जमली.
डॉक्टरच्या पोराचा अभ्यास घेता घेता भूगोल शिकली.
रडली एकदाच, सार्डिन भाजल्याचा वास आला तेव्हा.

आईची सुई थांबली.
"हे सगळं छापलंय?"
"हो."
"मग बरंय." तिनं दोरा दातानं तोडला.
दिवा बारीक करताना म्हणाली,
"उद्या तेवढंच परत वाच."

पहाटे भोंगा झाला, बोटी लागल्या.
आईच्या लाकडी वहाणा उतारावरून वाजत गेल्या,
त्यांत शेजारणींच्या मिसळल्या.
मी एकशे बेचाळीस पुन्हा काढलं.
शिवणीपाशी एक खवला चिकटलेला,
वाळलेला, खालची अक्षरं दिसावीत इतका पातळ.
माझा नाही. मी हात धुतले होते.
माझ्याआधी कुणीतरी इथंच थांबलं होतं.
गल्लीत चाळीस घरं आहेत, कुणाचाही असेल.
मी तो काढला नाही.

मंगळवारी काका विचारतील, आवडलं का?
मी सांगेन, यातली पानं गहाळ आहेत.
ते चष्मा लावून एकेक मोजतील.
सगळी भरतील.